तांदूळ अनेक, भात एक

मराठी स्वयंपाकघरात तांदूळ निवडले जातात, धुतले जातात, वैरले जातात आणि मग भात शिजतो. पातेल्यात पडेपर्यंत जे अनेकवचनी होते, ते झाकण काढल्यावर एकवचनी झालेले असते. दाण्यांची संख्या काही घटलेली नसते; बदललेले असते ते त्यांच्याकडे पाहणे. पोह्यांना मात्र फोडणीत पडूनही एकवचन लाभत नाही, आणि साखरेचा कण न् कण डोळ्यांना दिसत असला तरी साखर जन्मभर एकच राहते. गहू दळायला दिले जातात, पीठ परत येते. यामागे काही नियम आहे काय, असे विचारले तर व्याकरणाचे पुस्तक 'पदार्थवाचक नाम' अशी एक संज्ञा आपल्या हाती ठेवते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. आपणही वळतो, कारण बोलताना आपले कुठेच अडत नाही.

अडते ते नव्याने भाषा घडवू पाहणाऱ्याचे. ज्याला सगळे नियम स्वतः करायचे आहेत, त्याला एके दिवशी ठरवावेच लागते, की पाणी एक आहे की अनेक. एकसारख्या दहा वस्तू या दहा आहेत की एकाच वस्तूचे दहा वेळा दिसणे आहे. घडवलेल्या भाषांचा इतिहास आपल्याकडे बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो येथे एका विशिष्ट प्रश्नाच्या अंगाने पाहायचा आहे, आणि त्याचे कारण साहित्याच्या वर्गाशी जोडलेले आहे. 'भाषा विचाराला घडवते' हे वाक्य आपण वर्गात सिद्ध झालेल्या सत्यासारखे उच्चारतो. त्या वाक्याची परीक्षा घेण्यासाठीच विसाव्या शतकात एक अख्खी भाषा रचली गेली. त्या परीक्षेचे काय झाले, हे जाणून घेतल्यावाचून ते वाक्य उच्चारीत राहणे बरे नव्हे.

१. वस्तूची जागा आणि वस्तूची संख्या

१६६८ साली इंग्लंडात जॉन विल्किन्स या धर्मशास्त्रज्ञाने तात्त्विक भाषेचा एक विस्तृत आराखडा प्रसिद्ध केला. साहित्याच्या वाचकांना विल्किन्स ठाऊक असतो तो बहुधा बोर्हेसच्या १९४२ सालच्या निबंधामुळे. विल्किन्सने साऱ्या विश्वाचे चाळीस मुख्य वर्ग केले आणि शब्दाच्या अक्षरांतच वस्तूची जागा कोरून ठेवली. 'दे' म्हणजे मूलतत्त्व, 'देब' म्हणजे त्यांतले पहिले म्हणजे अग्नी, 'देबा' म्हणजे अग्नीचा अंश असलेली ज्वाला. शब्द ऐकताच वस्तू कोणत्या फांदीवर बसली आहे हे कळावे, अशी ही योजना.

पण वस्तू कोठे बसते हे सांगणे निराळे आणि ती किती आहे हे सांगणे निराळे. वर्गीकरणाच्या झाडावर प्रत्येक जातीला एक जागा असते. त्या जातीच्या दोन व्यक्तींना तेथे दोन जागा नसतात. विल्किन्सच्या झाडावर पाण्याला फांदी आहे. 'दोन पाणी' ही गोष्ट त्या झाडाच्या बाहेरची आहे.

हा तिढा ज्याने नीट ओळखला तो लायब्निझ. विल्किन्सचे काम त्याला ठाऊक होते. त्याला मात्र नुसती नामावली नको होती. जिच्यात विचार गणितासारखा मांडून तपासता येईल अशी लिपी त्याला हवी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने संकल्पनांच्या बेरजेचे जे नियम मांडले, त्यांत एक नियम नवख्या वाचकाला चक्रावून टाकतो. एखादी गोष्ट तिच्यातच मिळवली तर ती तेवढीच राहते, असा तो नियम. अंकगणितात एक अधिक एक दोन होतात. येथे 'अ' अधिक 'अ' म्हणजे पुन्हा 'अ'च. लायब्निझने याचा खुलासा नाण्यांच्या दाखल्याने केला. चार नाण्यांत दुसरी चार नाणी मिळवली तर आठ होतात. परंतु मोजून झालेली चार नाणीच पुन्हा मोजली तर ती आठ होत नाहीत.

दाखला सोपा आहे, पण त्याने एक मोठी अट उघड केली. मोजण्यासाठी वस्तू 'दुसरी' असावी लागते. तर मग हुबेहूब एकसारख्या दोन वस्तूंचे काय? लायब्निझचे उत्तर असे, की तशा वस्तू नसतातच. सर्व बाबतीत सारख्या असलेल्या दोन वस्तू म्हणजे एकच वस्तू. १७१६ साली क्लार्कला लिहिलेल्या पत्रात त्याने हेरेनहाउझेनच्या राजोद्यानातली एक आठवण सांगितली आहे. राजकुलातील सोफी या विदुषीसमोर एका गृहस्थाने म्हटले, की आपण दोन अगदी सारखी पाने शोधून दाखवू. तो बागेत पुष्कळ हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला.

जवळजवळ पावणेदोन शतकांनी, १८८४ साली, गॉटलोब फ्रेगे याने हाच पेच अंकगणिताच्या पायाविषयीच्या आपल्या ग्रंथात पुन्हा उचलला. मोजल्या जाणाऱ्या वस्तू अगदी सारख्या मानल्या तर त्या एकात विरघळतात. भिन्न मानल्या तर त्यांना एका नावाखाली मोजायचे कसे? फ्रेगेने उत्तर दिले, की संख्या वस्तूला चिकटलेली नसते, ती संकल्पनेला लागते. पत्त्यांचा जोड हातात दिला आणि 'किती?' असे विचारले, तर उत्तर देता येत नाही. जोड किती, की पाने किती, हे आधी सांगावे लागते. वस्तू तीच, संकल्पना बदलली की संख्या बदलते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याचा अनुभव रोज येतो. एका पानावर 'आणि' वीस वेळा आला असेल, तर त्या पानावर 'आणि' हे शब्द वीस की एक? अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स याने १९०६ साली इंग्रजीतल्या एका चिमुकल्या उपपदाच्या उदाहरणाने हा भेद मांडला: शब्द म्हणजे एक नमुना, आणि पानावर दिसतात त्या त्याच्या प्रती. संपादकाला प्रती मोजाव्या लागतात आणि कोशकाराला नमुने. दोघेही शब्दच मोजतात, आणि दोघांचीही उत्तरे बरोबर असतात.

२. पेला आणि पेलाभर

तत्त्वज्ञांच्या या भाषा कोणी बोलले नाही. बोलली गेली ती झामेनहॉफची एस्परांतो. तिचे पहिले पुस्तक १८८७ साली निघाले आणि १९०५ साली तिचा पायाभूत ग्रंथ सिद्ध झाला. झामेनहॉफ तत्त्वज्ञ नव्हता, नेत्रवैद्य होता. आणि त्याची उत्तरेही व्यवहारी माणसाची आहेत.

एस्परांतोत पदार्थवाचक नामातून एक कण वेगळा काढण्यासाठी 'एर' हा प्रत्यय आहे. 'साब्लो' म्हणजे वाळू, 'साब्लेरो' म्हणजे वाळूचा कण. 'फायरो' म्हणजे आग, 'फायरेरो' म्हणजे ठिणगी. 'मोनो' म्हणजे पैसा, 'मोनेरो' म्हणजे नाणे. उलट्या दिशेने जायचे असेल तर 'आर' हा प्रत्यय: 'आर्बो' म्हणजे झाड, 'आर्बारो' म्हणजे वन, 'वोर्तो' म्हणजे शब्द, 'वोर्तारो' म्हणजे शब्दकोश. मराठीत हे काम प्रत्ययाने होत नाही, प्रत्येक पदार्थासाठी वेगळा शब्द जन्माला येतो. भाताचे शीत, आगीची ठिणगी, पाण्याचा थेंब, मिठाचा खडा. जे आपल्याकडे कोशात विखुरले आहे ते झामेनहॉफने व्याकरणात एका जागी आणले, एवढाच फरक.

दुसरी सोय याहून सूक्ष्म आहे. मापासाठी एस्परांतोत 'दा' हे स्वतंत्र अव्यय आहे, आणि संबंधासाठी 'दे' हे निराळे. 'ग्लासो दे विनो' म्हणजे ज्यात कधी मद्य होते किंवा जो मद्यासाठी वापरतात असा पेला. 'ग्लासो दा विनो' म्हणजे भरलेला पेला, पेलाभर मद्य. पायाभूत ग्रंथातल्या अभ्यासपाठांत हा भेद मुद्दाम समजावून दिला आहे. युरोपातल्या अनेक विद्यार्थ्यांना तो घोटून पाठ करावा लागतो. मराठी माणसाला तो जन्मतः येतो, कारण 'पाण्याचा पेला' आणि 'पेलाभर पाणी' यांत आपली गफलत होत नाही. आपला 'भर' आणि झामेनहॉफचा 'दा' हे एकाच कामावर नेमलेले दोन गडी आहेत.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एस्परांतोने पाणी एक की अनेक हा प्रश्न सोडवला नाही, तर तो बोलणाऱ्याच्या हाती सोपवला. वाळू म्हणायचे असेल तर वाळू म्हणा, कण म्हणायचा असेल तर प्रत्यय लावा. यापुढच्या प्रयोगाची महत्त्वाकांक्षा मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हती.

३. अकरावा दिवस

या प्रयोगाची प्रेरणा एका विमा कंपनीत काम करणाऱ्या माणसाकडून आली. बेंजामिन ली वोर्फ हा हार्टफर्ड येथे आगी टाळण्याच्या उपायांचा तज्ज्ञ होता, आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यासक. १९३९ साली लिहिलेल्या आणि १९४१ साली, ज्या वर्षी वोर्फ चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला त्याच वर्षी, छापल्या गेलेल्या त्याच्या निबंधात पदार्थवाचक नामांना मध्यवर्ती स्थान आहे. ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही.

वोर्फचे म्हणणे थोडक्यात असे. युरोपीय भाषांत दोन प्रकारची नामे असतात, मोजता येणारी आणि न येणारी. न येणाऱ्या नामांना मोजण्यासाठी आपण एक भांडे देतो: पेलाभर पाणी, तुकडाभर पाव. या सवयीने आपण जगाची फोड 'आकार' आणि 'आकारहीन द्रव्य' अशी करतो, आणि मग तीच फोड काळाला लावतो. काळ हे जणू एक द्रव्य, आणि क्षण, तास, दिवस ही त्याची भांडी. उत्तर अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत मात्र सर्व नामे सुट्या वस्तूंची असतात, असे त्याचे निरीक्षण होते. तेथे 'पाणी' म्हणजे पाण्याचा एक विशिष्ट साठा, पाणी नावाचे अमूर्त द्रव्य नव्हे. म्हणून होपी माणूस 'दहा दिवस राहिला' असे म्हणत नाही. 'अकराव्या दिवसापर्यंत राहिला' असे म्हणतो. दहा माणसे एका जागी उभी राहू शकतात, दहा दिवस कधीच एकत्र उभे राहत नाहीत. वोर्फच्या मते होपींसाठी उद्याचा दिवस म्हणजे दुसरा दिवस नव्हेच. कालचाच पाहुणा, थोडा वय वाढून, पुन्हा आलेला असतो.

लायब्निझची चार नाणी येथे पुन्हा समोर येतात. दिवस दहा आहेत, की एकच दिवस दहा वेळा मोजला गेला? हा विचार परका वाटत असेल तर 'सोळा सोमवार' आठवून पाहावेत. व्रत करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते सोळा वेगवेगळे दिवस असतात, की सोळा वेळा परत येणारा तोच सोमवार? दोन्ही उत्तरे तिच्या भाषेत बसतात, आणि तिने त्यांतून एक निवडण्याची सक्ती भाषा करीत नाही.

होपींविषयीचे वोर्फचे चित्र पुढे टिकले नाही. १९८३ साली एकेहार्ट मालोत्की याने होपी काळवाचक शब्दप्रयोगांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून दाखवून दिले, की होपी लोक काळाविषयी विपुल बोलतात आणि दिवसही मोजतात. पण १९५० च्या दशकात वोर्फचा विचार ताजा होता आणि तो तपासायचा कसा हा प्रश्न खुला होता. फ्लॉरिडा विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जेम्स कुक ब्राउन याला त्यावर एक धाडसी उपाय सुचला. लोकांना एक अशी भाषा शिकवावी, जी सर्व भाषांहून एका ठळक बाबतीत वेगळी असेल. मग त्यांचा विचार बदलतो का ते मोजावे. ती ठळक बाब म्हणून त्याने तर्कशास्त्र निवडले. १९५५ साली काम सुरू झाले आणि जून १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या लेखाने 'लॉग्लान' जगापुढे आली. हा ब्राउन 'करिअर्स' या पटावरच्या खेळाचाही जनक होता, आणि पुढे १९७० साली त्याने एक विज्ञानकादंबरीही लिहिली.

लॉग्लानमध्ये नाम, क्रियापद, विशेषण असे भेदच नाहीत. प्रत्येक आशयशब्द हे एक विधेय असते. 'ससा' असा शब्द नसून 'अमुक हा ससा आहे' असा साचा असतो. त्यामुळे गणनीय आणि पदार्थवाचक हा भेद शब्दाच्या अंगी नसतोच. तो शब्दाआधी येणाऱ्या छोट्या निदर्शकाने दाखवायचा असतो. ब्राउनने त्यांतला एक निदर्शक, 'लो', सामूहिक अर्थासाठी राखून ठेवला. 'लो' लावला की ससा म्हणजे हा किंवा तो ससा नव्हे, तर जगभर पसरलेला एकच 'श्रीयुत ससा'. आपण त्याला ससेराव म्हणू. तुम्हाला आज कुरणात दिसला तो ससेरावांचा एक आविष्कार, काल दिसला तो दुसरा. भाषेने बोलणाऱ्यावर जगाविषयीची मते शक्य तितकी कमी लादावीत, अशी ब्राउनची भूमिका होती. म्हणून सुट्या सशांचे जग आणि ससेरावांचे जग, दोन्ही बोलून दाखवण्याची सोय त्याला हवी होती.

योगायोग असा, की त्याच १९६० साली क्वाइनचा 'वर्ड अँड ऑब्जेक्ट' हा ग्रंथ निघाला, आणि त्यातही एक ससा आहे. अनोळखी भाषेचा माणूस ससा पाहून 'गवगाइ' म्हणतो. त्याचा अर्थ ससा, सशाचा न तुटलेला अवयव, सशाच्या आयुष्यातला एक क्षण, की सर्व सशांची मिळून एक वस्तू? नुसते बोट दाखवून हे ठरत नाही, असे क्वाइन म्हणतो. ठरते ते केव्हा, तर 'हा तोच का?' आणि 'किती?' असे प्रश्न विचारता येतात तेव्हा. म्हणजे संख्या आणि एकरूपता यांचे व्याकरण हाती आल्यावर. तत्त्वज्ञाने जे कोडे म्हणून मांडले, ते ब्राउनला नियम म्हणून लिहावे लागत होते.

४. तीन माणसे, एक पियानो आणि हवा असलेला डॉक्टर

लॉग्लानच्या मालकीवरून पुढे वाद झाला. ब्राउनच्या काही सहकाऱ्यांनी १९८७ साली वेगळी संस्था काढली आणि सारा शब्दसंग्रह नव्याने रचून 'लोजबान' ही भाषा सिद्ध केली. शब्द घडवताना चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांचे ध्वनी हिशेबात घेतले होते. सिंहासाठीचा शब्द 'शिनफो' ऐकताना त्यामुळे आपले कान टवकारतात. या भाषेचे समग्र व्याकरण जॉन कावन याने १९९७ साली ग्रंथरूपात प्रसिद्ध केले.

त्या व्याकरणातली सामूहिकतेची व्यवस्था खरोखर देखणी आहे. 'ले शी नान्मू' म्हणजे 'ती तीन माणसे', सुटी सुटी. 'लेय शी नान्मू' म्हणजे त्या तिघांचा मिळून झालेला एक समुदाय. पहिल्याने 'पियानो उचलला' म्हटले तर प्रत्येकाने एकट्याने उचलला. दुसऱ्याने म्हटले तर तिघांनी मिळून. मराठीत 'तिघांनी पियानो उचलला' हे वाक्य या बाबतीत गप्प असते. गरज पडली तर आपण 'मिळून' हा शब्द घालतो, एरवी पियानोचे वजन आपल्याला काय ते सांगते.

याहून सुंदर आहे ती मोजण्याची रीत. सुट्या वस्तू पूर्णांकांनी मोजायच्या: 'पा', 'रे', 'शी', म्हणजे एक, दोन, तीन. समुदाय मात्र अपूर्णांकांनी मोजायचा. 'पी' म्हणजे दशांशचिन्ह. ते पुढे लावले की समुदायाचा अर्धा भाग, काही भाग, किंवा 'पीरो' म्हणजे संपूर्ण भाग सांगता येतो. भाताची शिते मोजायची असतील तर एक, दोन, तीन. भात मोजायचा असेल तर अर्धा, पाऊण, सगळा. गणनीय आणि पदार्थवाचक यांतला फरक इतक्या मोजक्या साधनांत मांडणारे दुसरे व्याकरण आमच्या पाहण्यात नाही.

तरीही ही व्यवस्था दोन ठिकाणी अडली. पहिली अडचण गुणधर्मांची. समुदायाच्या एका भागाला जे लागू ते समुदायालाही लागू धरता येते, असा संकेत होता. 'सिंह आफ्रिकेत राहतो' हे त्यामुळे खरे ठरते, कारण सिंहसमुदायाचा काही भाग तेथे राहतो. पण काही भाग गीरच्या जंगलातही राहतो. तेव्हा तोच समुदाय आफ्रिकेत राहतो आणि गुजरातेतही; आयाळ असलेला असतो आणि नसलेलाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शिते त्या परीक्षेपुरती सारखीच असतात. एका सिंहावरून सिंहसमुदायाची परीक्षा होत नाही. एकसारखेपणा नियमात गृहीत धरता येतो. तो जगात असतोच असे नाही.

दुसरी अडचण दिसायला किरकोळ होती, पण भाषेच्या मुळाशी पोहोचणारी होती. लोजबानमधल्या 'लो' या निदर्शकाचा अर्थ ब्राउनच्या 'लो'हून वेगळा ठरला होता: 'जे खरोखर अमुक आहेत त्यांपैकी किमान एक'. या अर्थात एक अनुच्चारित संख्या दडलेली होती. आता 'मला डॉक्टर हवा आहे' हे वाक्य घ्यावे. लोजबानमध्ये ते 'मी नित्शू लो मिक्शे' असे होई. 'मी' म्हणजे तेथेही मीच. पण नियमाप्रमाणे त्याचा अर्थ निघे: 'जगात किमान एक डॉक्टर असा आहे, की तो मला हवा आहे.' तापाने फणफणलेल्या माणसाला हे म्हणायचेच नसते. त्याला अमुक डॉक्टर नको, कोणीतरी डॉक्टर हवा असतो. आणि तो कोण, किती, हे त्याने अजून ठरवलेले नसते. क्वाइननेही तत्त्वज्ञानाच्या अंगाने हाच पेच दाखवला होता. तर्कशुद्ध भाषेत एक साधी गरज सांगता येईना, कारण त्या भाषेत संख्या न सांगता बोलण्याची वाट नव्हती.

यावर लोजबान बोलणाऱ्यांत वर्षानुवर्षे वाद झाले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक दुरुस्ती स्वीकारली गेली. ती सुचवणाऱ्या सदस्याच्या लोजबानी नावाचा आरंभ आणि 'लो' यांची सांगड घालून तिला 'खोर्लो' असे नाव पडले. दुरुस्तीचे सार एका वाक्यात सांगता येते: 'लो'मधली दडलेली संख्या काढून टाकावी. यापुढे 'लो मिक्शे' म्हणजे एक डॉक्टर, अनेक डॉक्टर, डॉक्टर हा प्रकार, यांपैकी बोलणाऱ्याला जे अभिप्रेत असेल ते. संख्या सांगायची असेल तर सांगावी. न सांगितल्यास ती सांगितलेली नाही, एवढेच समजावे. ब्राउनच्या जुन्या 'लो'च्या आसपास ही भाषा फिरून आली, असे म्हटले तरी चालेल.

५. न सांगण्याची सोय

आता मराठीकडे पाहू. आपल्या भाषेत उपपदे नाहीत. 'डॉक्टर बोलवा', 'आंबा गोड असतो', 'घरात साप निघाला', या वाक्यांत नाम उघडे उभे असते. पहिल्यात कोण ते ठरलेले नाही, दुसऱ्यात सारी जात आहे, तिसऱ्यात एक खराखुरा साप आहे. नामाचे रूप बदललेले नाही. 'मला एका डॉक्टरांना भेटायचे आहे' असे म्हटले की ऐकणारा ओळखतो, डॉक्टर ठरलेले आहेत. अर्धशतकाच्या खटपटीनंतर तर्कशुद्ध भाषेला जी सोय परत मिळवावी लागली, ती मराठीच्या उघड्या नामात आधीपासून आहे.

यावरून मराठी श्रेष्ठ ठरते, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. प्रत्येक भाषा कुठे तरी सक्ती करतेच. 'तांदूळ शिजले' की 'भात शिजला' हे क्रियापदापाशी पोहोचल्यावर मराठीत ठरवावेच लागते. त्यातून सुटका नाही. शिवाय आपली मोजणीही चोख आहे असे नाही. हॉटेलात आपण 'दोन चहा' मागतो तेव्हा कप मोजतो. शेतकरी गव्हाला 'दोन पाणी' देतो तेव्हा पाळ्या मोजतो. एकाच प्रकारच्या शब्दयोजनेत एकदा भांडे दडलेले आहे आणि एकदा वेळ. लोजबानमध्ये पाण्यासाठीचा 'जाशू' हा शब्द 'पाण्याचा एक साठा' अशा अर्थाचा आहे, वोर्फच्या होपी पाण्याची आठवण करून देणारा. तेथे 'दोन जाशू' म्हटले, तरी साठे कोठे तोडायचे हे परिस्थितीलाच ठरवावे लागते. फ्रेगेने म्हटले तेच खरे: कोणत्या संकल्पनेखाली मोजता ते आधी सांगा. ते सांगण्याचे काम व्याकरण आपल्यासाठी करून ठेवू शकत नाही.

आणि ब्राउनच्या परीक्षेचे काय झाले? ती झालीच नाही. ब्राउन २००० साली वारला. लॉग्लान आणि लोजबान शिकून माणसांचा विचार बदलतो का, याची ठरवल्यासारखी मोजदाद कधी झाली नाही. परीक्षा झाली ती नैसर्गिक भाषांत, आणि लहान प्रमाणावर. जॉन लूसी याने १९९२ साली मेक्सिकोतल्या युकातेक माया भाषेचे आणि इंग्रजीचे भाषक यांची तुलना प्रसिद्ध केली. माया भाषेत मोजताना संख्येबरोबर वर्गदर्शक शब्द जोडावा लागतो. नाम स्वतः द्रव्याकडे झुकलेले असते. वस्तूंची जुळणी करताना तिचे भाषक द्रव्याकडे अधिक लक्ष देत, इंग्रजीचे भाषक आकाराकडे. १९९७ साली इमाइ आणि गेंटनर यांनी जपानी आणि अमेरिकन मुलांवर केलेल्या प्रयोगांत चित्र आणखी बारीक झाले. गुंतागुंतीच्या घडणीची वस्तू दोन्हीकडची मुले 'वस्तू' म्हणूनच घेत. फरक पडे तो साध्या आकाराच्या वस्तूंत, जिथे जग स्वतः काही स्पष्ट सांगत नाही तिथे.

तेव्हा वर्गातले ते वाक्य किंचित दुरुस्त करून घ्यावे असे आम्हांस वाटते. भाषा विचाराला कैद करत नाही. जिथे जग मोघम असते तिथे ती एका बाजूला हलकासा कल देते. आणि साहित्याच्या दृष्टीने याहून मोलाचा धडा दुसराच आहे. लोजबान घडवणाऱ्यांनी जी संदिग्धता दोष म्हणून उपटून काढायला घेतली, तिचा एक भाग त्यांना पुन्हा रोवावा लागला. किती, कोण, एक की अनेक, हे न सांगता बोलता येणे हा भाषेचा निष्काळजीपणा नव्हे. आपल्याला अजून न कळलेले न कळलेलेच ठेवून बोलण्याची ती सोय आहे. कवितेत 'पक्षी' असा एक शब्द येतो आणि तो एक पक्षी, सारे पक्षी आणि पक्षीपण असे तिन्ही मिळून वाचला जातो. तेथे कवी टाळाटाळ करत नसतो. तो भाषेच्या सर्वांत जुन्या सोयींपैकी एक वापरत असतो.

ब्राउनचा प्रयोग म्हणून वाया गेला असे मात्र म्हणवत नाही. आपण बोलताना क्षणोक्षणी कोणते निर्णय घेतो आणि कोणते पुढे ढकलतो, याची एवढी बारीक यादी त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या खटाटोपावाचून आपल्याला मिळाली नसती. ती यादी हाती घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात गेले, की रोजची वाक्ये निराळी ऐकू येऊ लागतात. ताटावर बसलेला माणूस 'भात वाढा' म्हणतो. किती ते तो सांगत नाही. वाढणारी वाढत जाते, आणि तो 'पुरे' म्हणतो तेव्हा दोघांनाही कळते.